९० मिनिटांचा जोडतास: शिकवायचं कसं?

गणितवाली
नमस्कार मंडळी. पुढच्या सत्रापासून आमच्या शाळेचं वेळापत्रक बदलतंय. आतापर्यंत रोज ५० मिनिटांचा तास असायचा, आता एक दिवसाआड ९० मिनिटांचा जोडतास. मी आठवी-नववीला गणित शिकवते.

मला दोन काळज्या आहेत. पहिली, दीड तास मुलं गणितात टिकतील कशी? दुसरी वेळेची. पंधरवड्यात आधी १० तास म्हणजे ५०० मिनिटं मिळायची, आता ५ तास म्हणजे ४५०. अभ्यासक्रम मात्र तेवढाच. ज्यांनी जोडतास घेतलेत त्यांनी अनुभव लिहा. ‘गटकार्य करून घ्या’ एवढ्यावर थांबू नका, गट केल्यावर नेमकं काय करून घेता ते हवंय.

रेघोटी
पहिली गोष्ट, दोन टाचणं (एका तासाच्या पाठाची लेखी आखणी) एकापुढे एक जोडू नका. बाकी सविस्तर रात्री लिहिते, पेपर तपासणं चालू आहे.

अर्धविराम
गणितवाली, वेळेचा हिशेब अर्धाच झालाय. हजेरी, वह्या काढणं, कुठवर आलो होतो ते आठवणं, शेवटी गृहपाठ सांगणं यात दर तासाला ८ मिनिटं जातात असं धरा. दहा तासांना ८०, पाच तासांना ४०. म्हणजे आधी हातात ४२० उरत होती, आता ४१० उरतील. खरा तोटा पंधरवड्याला १० मिनिटांचा आहे. त्यासाठी अभ्यासक्रम कापायची गरज नाही.

खडूधारी
अर्धविराम, हिशेब कागदावर बरोबर आहे, पण मोठ्या तासात मधली मिनिटं सांडतात. ५० मिनिटांच्या तासाला मुलांवरही घाई असते आणि आपल्यावरही. दीड तास समोर दिसला की सगळेच सैल पडतात. मी अनेक वर्गांत बघितलंय, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं ‘आता गृहपाठाला लागा’ म्हणून सोडून दिलेली असतात. ती धरली तर तोटा मोठा आहे.

आणि मुलांचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग ९० मिनिटांचा आग्रह कशाला?

मनकवडा
खडूधारी, पहिल्या परिच्छेदाला +१. दुसऱ्याला नाही.

ते ‘दहा-पंधरा मिनिटं’ प्रकरण प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकवतात की ते सिद्ध झालंय असंच वाटतं. विल्सन आणि कॉर्न या दोघांनी २००७ मध्ये त्यामागचे मूळ अभ्यास तपासले, तेव्हा आधार फार तकलादू निघाला. पुढे २०१० मध्ये बन्स आणि सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हातात बटणं दिली आणि लक्ष उडालं की दाबायला सांगितलं. लक्ष एकदाच पंधराव्या मिनिटाला संपतं असं दिसलं नाही. ते अधूनमधून उडतं, बहुतेकदा मिनिटभर किंवा त्याहून कमी, आणि परत येतं. आणखी एक गोष्ट दिसली. व्याख्यानापेक्षा प्रयोग दाखवताना किंवा प्रश्न विचारताना लक्ष कमी वेळा उडालं, आणि त्यानंतर लगेच जे व्याख्यान झालं त्यातही कमी उडालं.

आता तुमच्याआमच्या कामाचं. घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी ‘उपक्रम बदला’ करू नका. एखादं गणित रंगात आलेलं असताना ते तोडून खेळ घेणं म्हणजे लक्ष आपणच उडवणं. मुलांच्या डोक्याला सतत काहीतरी करायला आहे ना, एवढं बघा.

धूमकेतू
आमच्या वेळी सर ३५ मिनिटांच्या तासात ५० मिनिटांचं शिकवायचे आणि पुढच्या तासाचे सर दाराबाहेर वाट बघत उभे असायचे. जोडतास मिळाला असता तर त्यांनी त्यातही १२० मिनिटांचं बसवलं असतं :)

परीक्षानळी
विज्ञानवाल्यांकडून जोडतासाला दोन्ही हातांनी पाठिंबा!

एकच उदाहरण घ्या. बर्फ तापवत न्यायचा, दर मिनिटाला तापमान नोंदवायचं, पाणी उकळेपर्यंत. वितळताना तापमान एका जागी थांबतं, मग चढतं, मग उकळताना पुन्हा थांबतं. आलेखात त्या दोन सपाट पायऱ्या दिसल्या पाहिजेत. लहान तासात मांडामांड आणि आवराआवर वजा केल्यावर मुलं जेमतेम पहिल्या पायरीपर्यंत पोचतात. आलेख घरून काढून आणायचा, म्हणजे शेजाऱ्याचा उतरवायचा. जोडतासात वाचन, आलेख आणि ‘आच तीच असताना तापमान का थांबलं?’ ही चर्चा एकाच बैठकीत होते. तोवर चंचुपात्र अजून कोमट असतं आणि सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर असतात. एखाद्या गटाचं पाणी ९७ अंशालाच उकळलं, तर तापमापी कुठे धरली होती इथपर्यंत बोलणं जातं. ही चर्चा दोन दिवसांनी होत नाही, मी करून बघितलीय.

टायट्रेशनचंही (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता काढणं) तेच. एकमेकांशी जुळणारी तीन वाचनं यायला वेळ लागतो. घाईत मुलं एक वाचन घेतात आणि उरलेली दोन मनाने लिहितात.

दोनओळी
परीक्षानळी यांना प्रयोगशाळेत फायदा आहे, मान्य. मी परकी भाषा शिकवते, माझा जीव घाबरतो. भाषेला रोजचा स्पर्श लागतो. रोज वीस मिनिटं आणि आठवड्यातून एकदा दोन तास यातलं मी डोळे मिटून पहिलं घेईन. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या उजळणीपेक्षा जास्त टिकते. जोडतासाने तासांची संख्या निम्मी होते. म्हणजे उजळणीच्या संधीही निम्म्या.

आणि एक दिवसाआडचं वेळापत्रक त्यातल्या त्यात बरं. काही ठिकाणी चारच विषय एका सत्रात रोज ९० मिनिटं घेतात आणि पुढच्या सत्रात दुसरे चार. एका मुलाची भाषा यंदाच्या पहिल्या सत्रात संपली आणि पुढची पायरी पुढच्या वर्षी दुसऱ्या सत्रात आली, तर मध्ये वर्ष जातं. मग पहिला महिना सगळं परत.

रेघोटी
आले. पेपर संपले.

गणितवाली, मी माझ्या जोडतासाबद्दल लिहिते, विषय गणितच.

दारातून आत येतानाच फळ्यावर पाच प्रश्न असतात. वही बंद, पुस्तक बंद. दोन मागच्या तासातले, दोन पंधरवड्यापूर्वीचे, एक मागच्या सत्रातला. दहा मिनिटं. गुण देत नाही, मुलं आपली आपणच तपासतात. दोनओळींची भीती रास्त आहे आणि तिला माझं उत्तर हेच आहे. दोन दिवस गेलेत ना, मग ते आठवायला लावायचं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा अभ्यास आहे. तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून मी ‘मागच्या तासाला आपण काय शिकलो ते मी सांगते’ हे वाक्य कधी उच्चारत नाही. त्यांनी सांगायचं.

मग नवा घटक. मी बोलते ती पंधरा मिनिटं, फार तर वीस. समजा समीकरण आहे ३(क्ष − २) = १२. एक सोडवलेलं उदाहरण फळ्यावर पूर्ण लिहिते आणि लगेच तसंच एक मुलांना देते. पुन्हा सोडवलेलं, पुन्हा त्यांचं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच हे तपासलं होतं. नवशिक्यांना नुसती गणितं घालण्यापेक्षा सोडवलेलं उदाहरण आणि गणित आलटून पालटून दिलं तर ती कमी वेळात आणि कमी चुकांत शिकतात.

यानंतरची तीस-पस्तीस मिनिटं मला सगळ्यात प्रिय. मुलं सोडवतात आणि मी बाकांमधून फिरते. हातात एक कागद. कोणी ३क्ष − २ = १२ लिहिलंय (कंसातल्या दुसऱ्या पदाला ३ ने गुणायचं राहिलं), कोणी ३क्ष − ६ = १२ करून पुढे गेलंय, कोणी आधी दोन्ही बाजूंना ३ ने भागून क्ष − २ = ४ वर आलंय, ते टिपते. कोणाला उत्तर सांगत नाही. ‘आलेली किंमत मूळ समीकरणात घालून बघ’ एवढंच. चुकीच्या वाटेने क्ष = १४/३ येतं, ते घातल्यावर डाव्या बाजूला ८ येतात, १२ नाही. तिथे मूल स्वतःच थबकतं. मग तीन वह्या निवडून क्रमाने फळ्यावर लिहायला बोलावते. आधी कंस सोडवणारी वाट, मग भागाकाराची, शेवटी निनावी करून चुकीची. ‘यात नेमकं कुठे बिघडलं?’ यावर वर्ग जे बोलतो त्याला ५० मिनिटांच्या तासात जागाच नव्हती. जोडतासाने मला हे दिलं.

शेवटची सात-आठ मिनिटं चिठ्ठी. एक गणित, नाव, दारात माझ्या हातात द्यायची. संध्याकाळी तीन गठ्ठे करते: जमलं, अर्धं जमलं, नाही जमलं. पुढच्या तासाचे पहिले दोन प्रश्न त्यातूनच निघतात.

गणितवाली
रेघोटीताई, हे वाचून जीव भांड्यात पडला. वाचनखूण साठवली. एक शंका, त्या पस्तीस मिनिटांत हुशार मुलं दहा मिनिटांत मोकळी होतात. त्यांचं काय करता?

रेघोटी
त्यांना पुढचा धडा देत नाही. तेच गणित उलटं देते. ‘उत्तर क्ष = ६ यावं, दोन्ही बाजूंना कंस असावा, असं समीकरण तयार कर.’ मग ते शेजारच्याने सोडवायचं. भले भले अडकतात.

खडूधारी
रेघोटी, तुमची पद्धत आवडली, पण एक विचारतो. चाळीसच्या वर मुलं असली तर बाकांमधून फिरून प्रत्येकाची वही बघणं शक्य आहे का? मागचे दोन बाक कायम सुटतात.

रेघोटी
रोज सगळ्यांची नाही बघत. दर तासाला एक बाजू ठरलेली, फिरत्या क्रमाने. मागच्या बाकांपासून सुरुवात करते. पुढची मुलं तशीही हात वर करून दाखवतात.

अर्धविराम
मुद्दा ‘वाट बघण्याचा’ पण आहे. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. लहान तासात आपण ते तीन सेकंद देत नाही कारण घंटेकडे डोळा असतो. जोडतासात कंजुषी करायचं कारण उरत नाही.

जोडीने चर्चा घेत असाल तर आधी प्रत्येकाने एकट्याने वहीत दोन ओळी लिहायच्या, मगच तोंड उघडायचं. ‘विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा’ ही फ्रँक लायमन यांची १९८१ ची पद्धत आहे. तिच्यातली पहिली पायरीच बहुतेक जण गाळतात. मग जोडीतलं चटपटीत मूल बोलतं आणि दुसरं मान डोलावतं.

इतिहासप्रेमी
समाजशास्त्रांसाठी जोडतासात मी जिगसॉ ही गटाने शिकण्याची पद्धत घेतो. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत ती बसवली. वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. स्पर्धेऐवजी एकमेकांची गरज पडावी अशी रचना त्यांना हवी होती.

माझा वेळ असा जातो. पाच-पाच मुलांचे मूळ गट, एका घटकाचे पाच भाग, गटातल्या प्रत्येकाला एक. आधी तोच भाग मिळालेली मुलं एकत्र बसून वाचतात आणि दुसऱ्यांना कसं सांगायचं ते ठरवतात, २५ मिनिटं. मग मूळ गटात परत येऊन प्रत्येक जण आपला भाग शिकवतो, ३० मिनिटं. मग सगळ्यांना सगळ्या भागांवर एकट्याने सोडवायची छोटी चाचणी. लहान तासात हे दोन दिवसांत मोडतं आणि दुसऱ्या दिवशी ‘तज्ज्ञ’च गैरहजर असतो.

खडूधारी
गणितात हे नका करू. मुलाने आपला भाग चुकीचा समजून घेतला तर तो चार जणांना चुकीचाच शिकवतो.

इतिहासप्रेमी
चूक पसरते हे खरं. म्हणून पहिल्या २५ मिनिटांत मी त्या पाच गटांपासून हलत नाही. कच्चं समजलेलं मूल मूळ गटात परत जाऊ देत नाही.

आईचीनजर
मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझा मुलगा एका जागी फार वेळ बसू शकत नाही. आधी दर तासाला उठून पाणी पिऊन यायचा, वही बदलायचा, तेवढ्यात मोकळा व्हायचा. जोडतास सुरू झाल्यापासून रोज तक्रार येते. आळशी नाही तो, खरंच बसवत नाही त्याला. तुमच्या दीड तासाच्या आखणीत अशा मुलांना जागा कुठे आहे?

परीक्षानळी
आईचीनजर, बरं झालं विचारलंत. प्रयोगशाळेत ही मुलं फुलतात, कारण उभं राहून काम असतं. बाकी विषयांनाही ते करता येतं. तिघातिघांचे गट करून भिंतीवरच्या फळ्यावर किंवा चिकटवलेल्या मोठ्या कागदावर उभ्याने सोडवायला लावा. एका गटात एकच खडू, आणि तो फिरता. सगळी मुलं उभी असल्यामुळे तुमचा मुलगा वेगळा दिसत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिवाय शिक्षकाला एका नजरेत सगळे गट कुठवर आलेत ते दिसतं.

मनकवडा
सहमत. आणि मध्ये दोन-तीन मिनिटांची सुट्टी बिनधास्त द्या. काम संपण्याच्या सांध्यावर द्या, मध्येच तोडून नको. अशा मुलाला वह्या वाटणं, साहित्य आणणं ही कामं कायमची सोपवली तर त्याचं उठणं वर्गाच्या उपयोगाचं ठरतं. शिक्षकांशी आधी बोलून घ्या, तक्रार होण्याच्या वेळीच ते काम त्याच्या हातात यायला हवं.

आईचीनजर
धन्यवाद. उद्याच भेटायला जाते. वह्या वाटायचं काम त्याला नक्की आवडेल.

दोनओळी
मघाच्या माझ्या प्रतिसादात भर. रोज तास नसेल तर गृहपाठ तरी रोज असावा. मी एका तासाचा गृहपाठ दोन तुकड्यांत देते. निम्मा त्याच संध्याकाळी, निम्मा मधल्या दिवशी, आणि दुसरा तुकडा जुन्या धड्यातला. मधला दिवस कोरडा जात नाही. गणितातही चालेल.

गणितवाली
हे नक्की करणार. दोनओळी, त्या दुसऱ्या तुकड्यात जुनं-नवं मिसळलेलं द्यायचं की एकच प्रकार?

अर्धविराम
मिसळलेलं. रोरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग घनाकृतींच्या घनफळावर होता. एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावात उत्तरं जास्त बरोबर आली. मिसळलेली सोडवणारे सरावात मागे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत बरेच पुढे गेले. कारण सलग सरावात कोणतं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही.

मुलं कुरकुर करतील, ‘हे अवघड आहे’ म्हणतील. पालकही म्हणतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

खडूधारी
मिसळलेल्या सरावाला माझा पाठिंबा. पण ‘शेवटची पंचवीस मिनिटं गृहपाठ वर्गातच’ याला विरोध कायम आहे.

परीक्षानळी
मला ते वाईट वाटत नाही. घरी मदत करायला कोणी नसलेल्या मुलाला शिक्षक समोर असताना गृहपाठाची पहिली दोन गणितं करता आली तर त्याचं भलंच आहे. पण शिक्षकाने त्या वेळात खुर्चीत बसू नये.

खडूधारी
दोन गणितं, दहा मिनिटं, शिक्षक फिरता. या अटींवर मान्य.

धूमकेतू
खडूधारींनी मान्य केलं! या धाग्याला चौकट करून ठेवा.

गणितवाली
सगळ्यांचे आभार, टाचण लिहायला बसले आहे. चौकोनाच्या गुणधर्मांपासून सुरुवात करतेय. वेळेचं आता तेवढं वाटत नाही. पण टाचण लिहितानाच एक अडचण दिसली. जोडतासाला मूल एक दिवस गैरहजर राहिलं तर त्याचे जवळजवळ दोन तास बुडतात, आणि पुढची गाठ दोन दिवसांनी. मी रजेवर असले तर सगळ्या वर्गाचंच तसं. याचं तुम्ही काय करता?

रेघोटी
मुलासाठी: वर्गाच्या मागे एक खोकं ठेवा. प्रत्येक जोडतासाचा एक कागद, त्यावर ते पाच प्रश्न, सोडवलेली दोन उदाहरणं आणि चिठ्ठीचं गणित. गैरहजर मुलाने आल्या दिवशी तो उचलायचा. त्या तासाला इतर मुलं सोडवत असतील तेव्हा फिरताना पहिलं त्याच्याकडे जायचं. सोबतीची एक जोडी आधीच ठरवून ठेवली की वही कोणाची बघायची हा प्रश्नही राहत नाही.

तुमच्या रजेसाठी: नवा घटक बदली शिक्षकावर टाकू नका. गणिताचा नसलेला माणूस ९० मिनिटं नवं काही शिकवू शकत नाही आणि त्याच्यावर तो भार टाकणं बरोबरही नाही. मिसळलेल्या सरावाचे दोन संच कायम तयार ठेवा, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटांचे, उत्तरं वेगळ्या पाकिटात. पहिला संच एकट्याने, मग पाकीट उघडून जोडीने तपासणी, मग दुसरा. चुकलेल्या गणिताशेजारी ‘कुठे चुकलं’ ते एका ओळीत लिहायचं. आल्यावर त्या ओळी वाचा, मुलांना कुठे अडतंय ते लगेच कळतं. चौकोनाचे दोन संच माझ्याकडे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.